पाणी मोडायला शिकलो तेव्हा: पन्हाळा–पावनखिंड वाटेवरील श्रमदानाचे एक वर्ष

जुलै २०२२ मध्ये मी पन्हाळा ते पावनखिंड ही वाट चौथ्यांदा चालले. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून ज्या दिशेने विशाळगडाकडे गेले, त्या दिशेने दरवर्षी आषाढात हजारो लोक चालतात. बहुतेक जण गडाच्या राजदिंडी या दरवाजातून म्हाळुंग्याकडे उतरतात, मसाई पठार ओलांडतात, करपेवाडीच्या आसपास मुक्काम करतात आणि दुसऱ्या दिवशी पांढरेपाण्यामार्गे खिंडीत पोहोचतात. २००९ मध्ये मी पहिल्यांदा गेले, तेव्हा पठारावरून खाली वाड्यांकडे उतरणारी वाट एका माणसाला पुरेल इतकीच होती. २०२२ मध्ये त्याच ठिकाणी गुडघाभर खोल ओघळ पडला होता आणि त्यातील चिखल टाळण्यासाठी लोकांनी दोन्ही बाजूंनी गवत तुडवून आणखी चार वाटा पाडल्या होत्या. त्यानंतरच्या चौदा महिन्यांत आम्ही काय केले, काय चुकले, किती दिवस थांबावे लागले आणि किती खर्च आला, ते येथे क्रमाने लिहीत आहे. आपल्या भागातील एखादी डोंगरवाट राखण्याची इच्छा असलेले, पण सुरुवात कुठून करावी हे न उमगलेले अनेक जण मला भेटतात. त्यांना याचा उपयोग व्हावा एवढीच इच्छा आहे. मी कोल्हापुरात एका सहकारी बँकेच्या लेखा विभागात नोकरी करते. बांधकामाचे किंवा वनशास्त्राचे शिक्षण मी घेतलेले नाही.

पहिले श्रमदान १८ सप्टेंबर २०२२ रोजी, रविवारी, झाले. ओळखीच्या लोकांना निरोप गेले आणि ६३ जण आले. आम्ही ओघळात माती भरली, दोन्ही बाजूंचे गवत मुळासकट उपटून वाट रुंद केली आणि कडेला दगडांची एकसारखी ओळ लावली. संध्याकाळी ती वाट सारवलेल्या अंगणासारखी दिसत होती आणि सगळे समाधानाने घरी गेले. जमीन कोणाची आहे हे आम्ही कोणाला विचारले नव्हते. काम चांगले आहे, म्हणजे परवानगी लागणार नाही, असे आम्ही खरोखरच गृहीत धरले होते.

ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस जोरात झाला. १६ तारखेला आम्ही सहा जण पाहायला गेलो, तर भरलेली सगळी माती गेली होती आणि ओघळ पूर्वीपेक्षा वीतभर खोल झाला होता. ती माती थेट खालच्या भाताच्या खाचरात उतरली होती. पोटरीतून बाहेर पडलेले, पिवळे होऊ लागलेले भात जवळजवळ गुंठाभर जागेत लाल गाळाखाली आडवे झाले होते. खाचराच्या मालकीणबाई, ज्यांना आम्ही पुढे काकी म्हणू लागलो, बांधावर उभ्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढेच विचारले, "तुमी वाट कराय आलासा, का माज्या भातात माती भराय?" नुकसानीचे पैसे घ्यायला त्या तयार झाल्या नाहीत. आम्ही वाडीतून बुट्ट्या मागून आणल्या आणि दिवसभर हातांनी गाळ उपसला. पुढच्या आठवड्यानंतर कापणीलाही चौघे गेलो. माझ्या दृष्टीने या कामाची खरी सुरुवात त्या खाचरात झाली.

आमची चूक काय होती, हे नंतर नीट समजले. गवताची मुळे कडेची माती धरून ठेवत होती, ती आम्ही काढून टाकली. भुसभुशीत माती पाण्याच्या वाटेत भरली. आणि सर्वांत वाईट म्हणजे, कडेच्या दगडांच्या ओळीमुळे वाटेवरचे पाणी बाहेर पडायला जागाच उरली नाही. वाटेचा आम्ही पाट करून टाकला होता.

त्याच दिवशी वनरक्षक आले. त्यांनी शांतपणे सांगितले की वाटेचा काही भाग वनजमिनीतून जातो आणि तेथे परवानगीशिवाय माती-दगडांचे काम करता येत नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनातून दगड काढणे हासुद्धा गुन्हा आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. शिवाय मसाई पठार हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील कलम ३६-अ खाली अशी क्षेत्रे घोषित होतात आणि अभयारण्यातील आग लावण्यावरील व घातक रसायनांवरील बंदी तेथेही लागू असते. आमच्यातील एका उत्साही मित्राने घाणेरीच्या (टणटणीच्या) झुडपांवर तणनाशक फवारण्याची सूचना केली होती. ती अमलात आली नाही, हे बरेच झाले.

१७ नोव्हेंबर २०२२ रोजी मी वन विभागाकडे पहिला अर्ज दिला. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतलेली पोच अवश्य घ्यावी. पुढची प्रत्येक चौकशी त्या क्रमांकानेच होते. माझा अर्ज त्रुटी दाखवून परत आला आणि त्या त्रुटी योग्यच होत्या. नकाशा नव्हता, वनाचा कक्ष क्रमांक नव्हता, कामाची पद्धत लिहिलेली नव्हती आणि अर्जदार संस्थेचा नोंदणी क्रमांक नव्हता, कारण संस्थाच नव्हती.

जमिनीचा गुंता सोडवण्यात डिसेंबर गेला. मोबाइलवर जीपीएसने वाटेची नोंद घेतली आणि तलाठी कार्यालयात बसून ती गट नकाशाशी ताडून पाहिली. आमचा तुकडा अवघा सव्वा किलोमीटरचा, पण त्यात वरचा भाग वनाचा, मधला गायरानाचा आणि खालचा सात जणांच्या मालकीचा निघाला. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा प्रत्येकी १५ रुपयांना मिळतो; नकाशाच्या नकलेसह कागदपत्रांचा सगळा खर्च ४८० रुपये झाला. सात मालकांपैकी दोघे मुंबईला राहणारे होते. त्यांची संमती फोनवर मिळाली, परंतु लेखी संमती त्यांच्या वाडीतील भावांमार्फत यायला पाच आठवडे लागले. मालकी जमिनीवर काम करायचे असेल, तर हे आधी हाती घ्यावे. सर्वांत जास्त वेळ यातच जातो.

संस्थेच्या नोंदणीबाबत आम्ही बराच विचार केला. नोंदणी केली असती तर दरवर्षीचे लेखापरीक्षण, बदल अर्ज, बैठकांचे इतिवृत्त हे सगळे आले असते आणि आम्ही तर जेमतेम वीस जण होतो. वनपालांनी सुचवले की गावाच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीने आणि ग्रामपंचायतीने प्रस्ताव द्यावा व आम्ही त्यात स्वयंसेवक म्हणून असावे. हा मार्ग मला आजही अधिक योग्य वाटतो, कारण वाट गावाची आहे आणि आम्ही पाहुणे आहोत. मात्र १८ डिसेंबरला ग्रामपंचायत निवडणुकीचे मतदान होते, त्यामुळे ठराव थांबला. नवे सदस्य आले आणि २६ जानेवारी २०२३ च्या ग्रामसभेत विषय मांडला गेला.

त्या सभेत मी दहा मिनिटे बोलले आणि पाऊण तास प्रश्न ऐकले. वाट चांगली झाली तर आणखी गर्दी येईल का, गुरांना अडचण होईल का, पुढे कोणी इथे फाटक बसवून तिकीट लावेल का, असे ते प्रश्न होते. तिकिटाचा प्रश्न काकींनी विचारला. ठरावात त्यानुसार दोन वाक्ये जोडली गेली: या कामामुळे वाटेवरील कोणाचाही वहिवाटीचा हक्क बदलणार नाही आणि कोणतेही शुल्क आकारले जाणार नाही. ही वाक्ये आम्हाला आधी सुचायला हवी होती.

वन विभागाचे परवानगीपत्र २१ फेब्रुवारी २०२३ रोजी मिळाले, म्हणजे पहिल्या अर्जापासून ९६ दिवसांनी. अटी स्पष्ट होत्या. एका वेळी १५ पेक्षा जास्त माणसे नकोत, काम सूर्योदय ते सूर्यास्त याच वेळेत, झाड किंवा फांदी तोडायची नाही, फक्त वाटेवर आलेले गवत आणि घाणेरी हाताने काढायची, सिमेंट, रंग, कायमचे फलक नकोत, दगड बाहेरून आणायचे नाहीत आणि नवे खणून काढायचे नाहीत, वाटेवर सुटलेले तेवढेच वापरायचे, आग नाही, प्रत्येक दिवसाचा अहवाल द्यायचा. १५ चा आकडा वाचून आमच्या गटात नाराजी पसरली, कारण पहिल्या वेळी ६३ जण आले होते. प्रत्यक्षात १५ हा आकडाही थोडा जास्तच ठरला. टिकाव चालवणाऱ्या दोन माणसांमध्ये किमान दहा फूट अंतर ठेवायचे, तर त्या उतारावर बारा जणांनाच नीट काम मिळत होते.

मार्चमध्ये आम्ही एकही खोरे न उचलता चार रविवार केवळ वाट पाहिली. वाडीतील धनगर समाजाचे एक आजोबा, ज्यांना सगळे आबा म्हणतात, आमच्यासोबत चालले. दुसऱ्याच वळणावर ते थांबले आणि म्हणाले, "जुनी वाट ही न्हवं. ती त्या जांभळीखालनं जायची, म्हसरं उतरायची तिथनं." गवत बाजूला सारल्यावर खरोखरच दोन हात रुंदीची, दगड रुतलेली, डोंगराला वळसा घालत सावकाश उतरणारी वाट दिसली. ज्या वाटेला आम्ही मूळ समजत होतो, ती चालणाऱ्यांनी वळण टाळून सरळ खाली पाडलेली आडवाट होती.

हे मोजूनही पाहिले. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणि खुणा केलेल्या दोन बांबूच्या काठ्या एवढ्यावर उतार मोजता येतो. डोंगरवाटांचा एक जुना ठोकताळा आहे: वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा. डोंगर दहा फुटांत चार फूट उतरत असेल, तर वाटेने दहा फुटांत दोन फुटांहून जास्त उतरू नये. त्याहून जास्त झाले की पाणी वाट ओलांडून खाली जाण्याऐवजी वाटेनेच धावू लागते आणि माती घेऊन जाते. जांभळीखालची जुनी वाट या मापात बसत होती. सरळ आडवाट दहा फुटांत साडेतीन फूट उतरत होती. तेव्हा ठरले की ओघळ भरायचाच नाही; जुनी वळणे मोकळी करायची, आडवाटा बंद करायच्या आणि जेथे जेथे वाटेवर पाणी जमते तेथे ते बाहेर काढून द्यायचे. अशा ४१ जागा आम्ही वहीत नोंदवल्या.

पाणी बाहेर कसे काढावे, यावर मी बरेच वाचले होते, पण सगळ्यांना समजले ते आबांच्या शब्दांत: "उसाला पाणी मोडतासा न्हाई? तसंच हितं मोडायचं. अडवलं की ते फोडतंय." एका सरीचे पाणी दुसऱ्या सरीत वळवण्याला आमच्याकडे पाणी मोडणे म्हणतात आणि आमच्यातील निम्म्या स्वयंसेवकांनी लहानपणी शेतात दारे धरलेली होती. तोवर मी त्यांना निचरा, आडबांध, बहिर्गामी कल असे शब्द ऐकवत होते. आबांच्या त्या वाक्यानंतर समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतून अवजारे घेतली: सहा टिकाव, सहा खोरी, दोन पहारी, दहा बुट्ट्या आणि चार विळे, मिळून ११,४६० रुपये. हातमोजे ९०० रुपये, प्रथमोपचार पेटी १,८०० रुपये आणि पंधरा जणांचा गट अपघात विमा २,२५० रुपये. अवजारे वाडीतील देवळाच्या खोलीत ठेवली आणि त्यांची वही केली. अवजार कोणी घेतले आणि कोणी परत ठेवले, याची सही त्या वहीत होते. दांडे दर महिन्याला तपासावे लागतात. उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि टिकावाचे पाते सैल होते. रात्रभर दांडा पाण्यात ठेवून काम भागवू नये, पाचर बदलावी.

९ एप्रिल ते ४ जून २०२३ या काळात एक आड एक रविवार, असे पाच दिवस काम झाले. सकाळी सहाला कोल्हापुरातून ठरवलेल्या वडापने (भाड्याच्या गाडीने) निघायचे, आठला काम सुरू, दुपारी साडेबाराला थांबायचे, ऊन उतरल्यावर आणखी दोन तास. जेवण वाडीतील बचत गटाकडे, ८० रुपये ताट; भाकरी, आमटी, भात आणि ठेचा. प्रवास व जेवण मिळून प्रत्येकाने २३० रुपये द्यायचे. पैसे घेतल्याने माणसे कमी होतील अशी भीती होती, परंतु उलट झाले: नाव देऊन न येणारे कमी झाले.

एक आडबांध, म्हणजे वाटेवरचे पाणी बाजूला वळवणारी दगडांची तिरकी ओळ, कसा घातला जातो, ते सविस्तर सांगते, कारण चुका येथेच होतात. पाणी येते त्या दिशेला तिरका, वाटेच्या रेषेशी साधारण अर्ध्या काटकोनात, हातभर खोल चर काढायचा. त्यात मोठे दगड एकमेकांना चिकटून उभे लावायचे. दगडाचा दोन तृतीयांश भाग जमिनीत आणि एक तृतीयांशच वर. पायाने जोर लावून दगड हलला, तर तो पुन्हा काढायचा. दगडांच्या खालच्या बाजूला माती चोपून भरायची आणि वरच्या बाजूला उथळ, रुंद पाट ठेवायचा. शेवटी पाटाचे तोंड उताराच्या बाजूला मोकळे करायचे आणि पाणी पडेल तेथे चार दगड पसरायचे, म्हणजे तेथे नवा ओघळ पडत नाही. तोंडाकडे दुर्लक्ष झाले की सगळे काम वाया जाते. अनुभवी चौघांना एका आडबांधाला दीड तास लागतो, नव्या चौघांना तीन. तीव्र उतारावर हे आडबांध तीस-पस्तीस फुटांवर लागतात, सौम्य उतारावर त्याच्या दुप्पट अंतर चालते.

दगड उचलण्याआधी पहारेने तो आपल्याकडे कलता करायचा, म्हणजे त्याच्या खाली विंचू किंवा फुरसे असेल तर त्याला पलीकडे पळायला वाट मिळते आणि दगड आपल्या व त्याच्या मध्ये राहतो. आम्हाला एक फुरसे दिसले, दोनदा विंचू. सर्पदंशावरील प्रतिविषाचे इंजेक्शन जवळच्या कोणत्या शासकीय रुग्णालयात उपलब्ध आहे, हे काम सुरू होण्यापूर्वी प्रत्यक्ष विचारून ठेवावे.

आमचा अपघात मात्र सापामुळे नव्हे, दगडामुळे झाला. ७ मे रोजी दोघे मिळून एक दगड चरात ठेवत होते. एकाने हात सोडला आणि दुसऱ्या मुलाचे बोट खाली सापडले. नख निघाले आणि हाडाला तडा गेला. तेथे मोबाइलला रेंज नव्हती. पठाराच्या एका कडेला रेंज येते हे आम्हाला माहीत होते, पण तेथवर जाण्यात वीस मिनिटे गेली. वडापचालक दिवसभर थांबलेले होते म्हणून एक तास चाळीस मिनिटांत कोल्हापुरात रुग्णालय गाठता आले. त्या संध्याकाळी मी त्याच्या आईसमोर बसले होते, तेव्हा हे सगळे थांबवावे असे मला मनापासून वाटले. तो मुलगा २१ मे रोजी पट्टी बांधून आला आणि त्याने अवजारांची वही सांभाळली. त्यानंतर आम्ही नियम केला की दगड दोघांनी उचलला असेल, तर सोडण्यापूर्वी मोठ्याने "सोडतोय" म्हणायचे आणि समोरच्याचे "सोड" ऐकल्याशिवाय हात काढायचा नाही. विम्याचे ३,१५० रुपये ४७ दिवसांनी मिळाले. मूळ बिले, डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि त्या दिवसाची हजेरी लागली. हजेरीवर सकाळीच सही घेण्याची सवय असल्यामुळे अडचण आली नाही.

स्वयंसेवकांचे नियोजन करणे हे मला दगडांपेक्षा अवघड गेले. अनेकांना पहिल्याच दिवशी मोठे, दिसणारे काम हवे असते आणि पाटाच्या तोंडातील गाळ काढण्यात कोणाला रस नसतो. मी प्रत्येक गटात वाडीतील एक माणूस, दोन जुने आणि एक नवा असे चौघे ठेवू लागले. वाडीतील माणसाला त्या दिवसाची मजुरी दिली जावी, असे माझे ठाम मत आहे. आपण रविवारी हौसेने येतो, त्यांचा तो कामाचा दिवस असतो. या मजुरीचा खर्च पाच मित्रांनी आपसांत वाटून घेतला आणि त्याचा हिशेब वेगळा ठेवला. ४ जूनपर्यंत ४१ पैकी २७ जागा पूर्ण झाल्या, उरलेल्या १४ राहिल्या.

आडवाटांच्या तोंडाशी आम्ही काढलेली वाळलेली घाणेरी रचली. फळे धरलेली किंवा ओली घाणेरी अशी टाकू नये, ती तेथेच रुजते.

२०२३ मध्ये मान्सून केरळातच ८ जूनला आला आणि आमच्याकडे त्याची वाट पाहण्यात जून सरला. २ जुलैला मी, आबा आणि आणखी दोघे भर पावसात वाटेवर गेलो. सातव्या आडबांधाजवळ आम्ही छत्री घेऊन उकिडवे बसलो. वरून तांबडे पाणी बोटभर धारेने वाटेवर आले, दगडांपाशी थबकले, तेथे थोडे फुगले, कारवीचे एक पान त्यात गोल फिरले आणि मग सगळी धार त्या पानासकट पाटाने वळून गवतात शिरली. आडबांधाच्या खालची वाट ओली होती, पण तिच्यावरून पाणी वाहत नव्हते. आबा काही बोलले नाहीत, त्यांनी काठीने पाटाच्या तोंडातला एक दगड जरासा बाजूला केला.

२७ पैकी १९ नीट चालत होते. पाच गाळाने भरले होते आणि तीन आडबांधांवरून पाणी उडी मारून पुढे जात होते, कारण त्यांचा कोन फारच आडवा झाला होता. गाळ भरणे अटळ आहे, हे तेव्हा लक्षात आले. उन्हाळ्यात कितीही चांगले काम केले, तरी पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कोणीतरी एक खोरे घेऊन वाटेवर फिरले नाही, तर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत काही उरत नाही. म्हणून जुलै ते सप्टेंबर दोन-दोन जणांची पाळी लावली. वनरक्षकांना आधी फोन करून जायचे, गाळ काढायचा आणि वहीत जागेच्या क्रमांकापुढे एक ओळ लिहायची. मोठ्या श्रमदानाला ज्यांना नकार द्यावा लागला होता, त्यांच्यातील काही जण या पाळ्यांना आनंदाने आले.

जुलैत मोहिमांची गर्दी असते. ८ आणि १५ तारखेच्या शनिवारी वाडीतील चौघे पठारावर आणि जांभळीपाशी थांबले व लोकांना जुन्या वाटेने जाण्यास सांगत राहिले. दोन दिवसांच्या मजुरीचे ४,००० रुपये झाले. बहुतेकांनी ऐकले. चिखल दिसला की बाजूने न जाता त्यातूनच चालावे, बूट धुता येतात, पठारावरचा मातीचा पातळ थर मात्र गेला की परत येत नाही, हे आयोजकांना आधीच फोनवर सांगितलेले बरे पडते. पठारावरील बंद केलेल्या दोन पट्ट्यांत सप्टेंबरअखेर गवत आले. इतर दोन अजून उघडेच आहेत.

कागदपत्रे, अवजारे, हातमोजे, औषधे, विमा आणि जुलैचे चौघे, मिळून वर्षाचा सामायिक खर्च २०,८९० रुपये झाला. परवानगी एका वर्षाची असल्यामुळे नूतनीकरणाचा अर्ज या वेळी सप्टेंबरमध्येच दिला. चौदा पानांच्या अहवालासोबत प्रत्येक जागेची आधीची आणि नंतरची छायाचित्रे एकाच ठिकाणी उभे राहून काढलेली जोडली होती. त्रुटी एकच निघाली: एका पानावर तारीख राहिली होती.

अहवालात २२ व्या जागेची नोंद वेगळी आहे. ऑगस्ट २०२३ देशभर शतकाहून अधिक काळातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि आमच्याकडेही भात तहानले होते. २७ तारखेला पाळीवर गेलेल्यांनी कळवले की २२ व्या आडबांधाचे तोंड कोणीतरी बदलले आहे. मी पुढच्या रविवारी जाऊन पाहिले. आम्ही जेथे पाणी गवतात सोडले होते, तेथे चार दगड नीट रुतवून ते उजवीकडे वळवले होते आणि वरच्या झऱ्यातून येणारी बारीक धार बांधातल्या एका फटीतून खाचरात उतरत होती. फटीच्या तोंडाशी गाळ अडावा म्हणून पेंढ्याची एक जुडी दाबून बसवलेली होती. काकी बांधावर गवत कापत होत्या. त्या म्हणाल्या, "पाणी वायाच चाललं हुतं, मी माज्याकडं मोडून घेतलं. चालंल न्हवं?" जागा त्यांच्याच मालकीच्या गटात येते. मी वहीत लिहिले: जागा २२, तोंड मालकांनी बदलले, काम उत्तम, पेंढीची युक्ती ९ आणि १४ क्रमांकांवर करून पाहावी.